तळ्याशी माणूस जोडला जातो तो काठावर

प्रश्न असा आहे: आमच्या वस्तीत एक जुनं तळं आहे. तीन रविवार श्रमदान करून आम्ही ते साफ केलं. पहिल्या रविवारी साठेक माणसं आली, तिसऱ्या रविवारी नऊ. आता पालिकेनं सुशोभीकरणाचा आराखडा मांडलाय. चारही बाजूंनी भिंत, चालायला ट्रॅक, मधोमध कारंजं, रात्री रंगीत दिवे. लोक खूश आहेत, आम्ही तिघं-चौघं अस्वस्थ. लोकांना तळ्याशी आणि तिथल्या निसर्गाशी जोडायचं कसं? आणि एवढ्याशा तळ्यानं संवर्धनाला काही फरक पडतो का?

तळी पुन्हा जिवंत करण्याच्या कामात मला एकवीस वर्षं झाली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ‘एवढंसं तळं’ हे शब्द सभेत कुणीतरी तुमच्या तोंडावर फेकणार आहे.

इराणमधल्या रामसर इथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातल्या व्याख्येत नैसर्गिक आणि मानवनिर्मित, कायमच्या आणि तात्पुरत्या, साचलेल्या आणि वाहत्या अशा सगळ्या जागा येतात. म्हणजे माणसानं खणलेलं शहरातलं तळंही पाणथळ जागाच आहे. तरी बरीच वर्षं सगळं लक्ष मोठी सरोवरं आणि दलदलींकडेच राहिलं. छोट्या पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी या कराराच्या सदस्य देशांनी स्वतंत्र ठराव केला तो २०१८ साली.

छोट्या तळ्यांचं महत्त्व मात्र अभ्यासकांना त्याआधीच दिसलं होतं. दक्षिण इंग्लंडच्या शेतीप्रदेशात नद्या, ओढे, चर आणि तळी यांची तुलना करणारा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. संपूर्ण प्रदेशाचा हिशेब मांडल्यावर पाणवनस्पतींच्या आणि पाण्यातल्या लहान जीवांच्या सर्वाधिक जाती तळ्यांमध्ये निघाल्या. कारण सोपं आहे. नदीचं पाणी मिसळत जातं, त्यामुळे इथली नदी आणि मैलभर पुढची नदी यांत फार फरक नसतो. प्रत्येक तळं मात्र वेगळं असतं. एकावर सावली असते, एक उघडं, एक उन्हाळ्यात आटणारं, एकाचा तळ चिकणमातीचा, दुसऱ्याचा मुरमाड. जितकी तळी तितके स्वभाव, आणि प्रत्येक स्वभावाला मानवणारे जीव वेगळे. तळ्याचं पाणलोट क्षेत्रही लहान असतं. एखादी नदी शुद्ध करायला पिढ्या जातात. तळ्यात घाण आणणारे दोन-तीन नाले मात्र चालत जाऊन शोधता येतात.

यात मला सर्वात भावणारं उदाहरण आहे ते एका पिवळसर चतुराचं. पँटाला फ्लॅवेसेन्स हे त्याचं शास्त्रीय नाव. पावसाच्या उथळ पाण्यात त्याची पिल्लं वाढतात आणि हा जीव समुद्र ओलांडतो. मालदीवमध्ये काम करणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी तिथे दरवर्षी उतरणाऱ्या चतुरांच्या नोंदी ठेवल्या आणि भारतातून पूर्व आफ्रिकेकडे होणाऱ्या त्यांच्या स्थलांतराची मांडणी २००९ साली केली. चार बोटं लांबीचाही नाही हा कीटक! त्याचा प्रवास एखाद्या डबक्यापासून सुरू होत असेल, तर तुमच्या तळ्याला ‘एवढंसं’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता माणसांकडे वळू. साठाची नऊ होणं हा लोकांचा आळस नाही. साफसफाईत माणसाला तळ्याचं एकच रूप दिसतं: घाण. दोन तास वाकून प्लास्टिक उचलायचं, पुढच्या रविवारी तिथेच तितकंच प्लास्टिक पाहायचं. यातून वैताग येतो, जिव्हाळा येत नाही. साफसफाई हवीच, पण ती पहिली पायरी असू नये. ज्याला तळ्यात काय आहे हे माहीत आहे, तोच तिथला कचरा मनापासून उचलतो.

म्हणून मी कुठेही गेले तरी पहिल्या दिवशी झाडू काढत नाही. पांढरा ट्रे काढते. फूटभर लांबीचा उथळ पांढरा ट्रे, बारीक जाळीची हातजाळी आणि एक भिंग. उथळ काठावरच्या गवतातून जाळी दोनदा हलकेच फिरवायची आणि ट्रेमध्ये उलटी करायची. सुरुवातीला नुसता चिखल आणि काड्या दिसतात. लोक म्हणतात, काही नाही यात. मी म्हणते, एक मिनिट थांबा. गाळ खाली बसतो आणि काड्या चालायला लागतात. एक ‘काडी’ पाठीवर उताणी पोहते. एका चपट्या मळकट किड्याचा खालचा ओठ विजेसारखा पुढे येतो आणि डासाची अळी गायब होते. ते चतुराचं पिल्लू. धोका वाटला की ते मागच्या टोकाने पाण्याची पिचकारी मारून पुढे झेपावतं. शेजारच्या सडपातळ पिल्लाच्या टोकाला तीन पानांसारखे कल्ले दिसतात, ती टाचणी, चतुराची नाजूक नातेवाईक. एवढं पाहिलं की मुलं ट्रे सोडत नाहीत आणि मोठी माणसं खिशातून चष्मा काढतात. रॉबर्ट मायकेल पाइल या अमेरिकन निसर्ग-अभ्यासकानं एक गोष्ट फार नेमकी मांडली आहे: जवळपासच्या साध्यासुध्या जीवांशी रोजची गाठ पडणं बंद झालं, की माणसाची निसर्गाबद्दलची आस्था विझते, आणि मग ते जीव नाहीसे झाले तरी कुणाला कळत नाही. ट्रे ही गाठ पुन्हा घालून देतो. (मुलांसोबत जाणतं माणूस हवं, घोट्यापेक्षा खोल पाण्यात कुणी उतरायचं नाही, नंतर साबणानं हात धुवायचे आणि सगळे जीव जिथले तिथे परत सोडायचे. पाण्यावर हिरव्या रंगाचा थर ओतल्यासारखा दिसत असेल, तर त्या दिवशी पाण्याला हातच लावू नका. ते नीलहरित शैवाल असू शकतं आणि त्याच्या काही जाती विषारी असतात.)

हा खेळ तळ्याच्या मध्यावर होत नाही. तो काठावर होतो आणि माझं सगळं म्हणणं या काठाभोवतीच आहे.

तळ्याचं बहुतेक जीवन काठालगतच्या गुडघाभर पाण्यात असतं. तिथे ऊन तळापर्यंत पोचतं, पाणी लवकर तापतं, पाणकणीस आणि लव्हाळ्याची मुळं धरतात. बेडूक अंडी तिथेच घालतात. चतुराचं पिल्लू एका रात्री पाण्याबाहेर आलेल्या देठावर चढतं, कात टाकतं आणि पंख वाळवून उडून जातं. देठ नसेल तर त्याला वर यायला शिडीच नाही. वंचक तासन्‌तास उभा राहतो तो याच पाण्यात, पाणकोंबडी पिल्लं लपवते ती याच गवतात. पाणी उतरल्यावर जो चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि सगळ्यांना ‘घाण’ वाटतो, तिथे शेकाटे आणि धोबी चरायला येतात. उभी भिंत बांधली की हा सगळा पट्टा एका दिवसात पुसला जातो. पाऊल टाकलं की थेट पुरुषभर पाणी. त्यात पडलेल्या बेडकाच्या पिल्लालाही बाहेर पडता येत नाही.

माणसाचंही तेच होतं, हे मला उशिरा कळलं. भिंत आणि कठड्यापलीकडचं पाणी हे भिंतीवरच्या चित्रासारखं असतं. माणसं त्याच्याभोवती कानात गाणी घालून फेऱ्या मारतात, पण पाण्याकडे बघत नाहीत. जिथे उतरता काठ आहे, बसायला दगड आहे, वाकलं तर पाण्याला बोट लागतं, तिथे माणूस थांबतो. थांबला की बघतो. बघितलं की विचारतो.

एक चूक सांगते, माझीच. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तळ्यातला गाळ आम्ही एका उन्हाळ्यात, एका दमात, यंत्रानं उपसला. काठ सरळ कापून घेतले, तळ खरवडला, झुडपं उपटली. पाऊस झाला, तळं भरलं, फोटो सुंदर आले. दोन महिन्यांत पाणी रंगाच्या डब्यासारखं हिरवं झालं. आम्ही बुचकळ्यात पडलो होतो, तेव्हा समोरच्या इमारतीच्या रात्रपाळीच्या वॉचमनदादांनी विचारलं, “ताई, यंदा बेडूक ओरडलेच नाहीत. कुठे गेले?” आमच्या अहवालात बेडकांचा उल्लेखही नव्हता. गाळाबरोबर आम्ही मुळं, बिया, अंडी आणि तळात झोपलेले जीव सगळंच ट्रकमध्ये भरून पाठवलं होतं. पोषकद्रव्यं शोषून घेणाऱ्या वनस्पती गेल्या आणि मोकळं रान सूक्ष्म शैवालाला मिळालं. तेव्हापासून मी गाळ एका वर्षी एकाच बाजूचा काढते, उरलेल्या काठाला हात लावत नाही. त्या बाजूचे जीव मग स्वतःहून इकडे पसरतात.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली. तळ्याला जोडलेली माणसं तिथे आधीपासून असतात. आपण समिती स्थापन करायला निघतो आणि त्यांना विचारत नाही. तुमच्या तळ्यावर आठवडाभर वेगवेगळ्या वेळी जाऊन बसा. गळ टाकून बसणारे, पहाटे फिरणारे आजोबा, शाळेतून परतताना दगड भिरकावणारी मुलं, रात्रपाळीवाले, दुपारी झाडाखाली पाठ टेकणारे. विशेषतः गळवाल्यांना हाकलू नका. पर्यावरणवाल्यांच्या उत्साहात सर्वात आधी त्यांचाच बळी जातो, याचा मला मनस्वी राग आहे. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करतायत हे सर्वात आधी त्यांनाच दिसतं. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन मात्र चालूच राहतं, म्हणून पाण्यातला प्राणवायू सूर्योदयाच्या थोडा आधी सर्वात कमी असतो. सकाळी दहाला येणाऱ्या तपासनिसाला सगळं आलबेल दिसतं.

अर्थशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामायिक कुरणं, जंगलं, मासेमारीची ठिकाणं आणि सिंचनाच्या व्यवस्था यांचा अभ्यास केला आणि त्यासाठी त्यांना २००९ साली नोबेल मिळालं. ज्या व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, तिथे नियम वापरणाऱ्यांनी स्वतः ठरवले होते, लक्षही त्यांनीच ठेवलं होतं आणि नियम मोडणाऱ्याला पहिली शिक्षा सौम्य होती. तुमच्या फलकावरचे ‘मनाई आहे’ असे दहा नियम कुणी वाचणार नाही. गळवाल्यांनी स्वतः ठरवलेला ‘पावसाच्या सुरुवातीला, माशांच्या विणीच्या काळात गळ नाही’ हा एक नियम टिकेल.

पहिली हरकत डासांची येईल, ती खरी काळजी आहे असं समजूनच उत्तर द्या. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती मुख्यतः घराजवळच्या लहान साठ्यांत वाढतो: टायर, कुंड्यांखालच्या बशा, उघड्या टाक्या. क्युलेक्सला गटाराचं पाणी आवडतं. मलेरियाच्या ॲनाफिलिसच्या काही जाती मात्र गवताळ, संथ काठावरही अंडी घालतात, हे लपवू नका. फरक पडतो तो शिकाऱ्यांमुळे. चतुराची पिल्लं, पाणढेकूण, लहान मासे असलेल्या तळ्यात फार थोड्या अळ्या मोठ्या होतात. सांडपाण्यानं शिकारी मेले, की तेच तळं डासांचा कारखाना होतं. वाद घालण्यापेक्षा पांढरी वाटी घ्या, काठावर दहा ठिकाणी बुडवा आणि अळ्या मोजा. मग वस्तीतल्या कुंड्या आणि टाक्यांत तेच करा. आकडे लोकांसमोर ठेवा. अळ्या तळ्यात निघाल्या तर तसंही सांगा आणि साचून राहिलेले कोपरे मोकळे करा.

यावर कुणी गँबुझिया मासे सोडायचा उपाय सुचवेल. साफ नकार द्या. मूळचा अमेरिकेतला हा मासा डासांसाठी जगभर नेला गेला. तो बेडकांची अंडी-पिल्लं आणि स्थानिक माशांची पिल्लं फस्त करतो आणि आज त्याची गणना जगातल्या सर्वात त्रासदायक परक्या जातींत होते.

प्रेमानं केलेलं नुकसानही असतं आणि ते हाताळणं सर्वात नाजूक. घरी वाढलेलं लाल कानांचं कासव, फिशटँकमध्ये न मावणारा सकर मासा लोक मायेनंच तळ्यात आणून सोडतात. टँकमधल्या वनस्पतीही अशाच येतात. जलपर्णीही मूळची दक्षिण अमेरिकेची, सुंदर जांभळ्या फुलांसाठीच जगभर फिरवली गेली. दुसऱ्या तळ्यातून बेडूक आणून सोडणं तर नकोच, त्यांच्याबरोबर कायट्रिड ही बेडकांच्या त्वचेला ग्रासणारी बुरशी येऊ शकते. जगातल्या सुमारे ४१ टक्के उभयचर जाती धोक्यात असल्याचं २०२३ च्या जागतिक आढाव्यात दिसलं आणि ही बुरशी त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. पाव आणि पीठ टाकणंही तसंच: माशांनी खाल्लं नाही तर ते कुजून पाण्याचा प्राणवायू खातं, खाल्लं तर विष्ठेतून खत होतं. अशा माणसांवर ओरडू नका. रोज पाव घेऊन येणारा माणूस रोज येतो, हे विसरू नका. त्याच्या हातात नोंदवही द्या.

नोंदवही हे माझं दुसरं हत्यार. फार रकाने नकोत. पाण्याची पातळी, पारदर्शकता, पहाटे मासे वर येतात का, बेडूक ओरडले का, टिबुकलीची पिल्लं किती. पारदर्शकतेसाठी सेक्की तबकडी घरी बनते. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून पाहिलं. तळ्यांसाठी साधारण वीस सेंटिमीटर व्यासाची, पांढऱ्या-काळ्या चौथायांची तबकडी वापरतात. वजन बांधून खुणा केलेल्या दोरीनं खाली सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी वाचायची. दर रविवारी तीच जागा, तीच वेळ. आकडा काठावरच्या फळ्यावर खडूनं लिहा. आठवा आकडा लागल्यावर लोक विचारू लागतात, “या आठवड्यात कमी का झालं?” हा प्रश्न वस्तीतून उठला, की तुमचं निम्मं काम झालं. पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड या आणि बाकी जीवांचे फोटो आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाका, म्हणजे त्या वहीबरोबर हरवणार नाहीत आणि अभ्यासकांनाही वापरता येतील.

आता पालिकेचा आराखडा. विरोधाचं निवेदन देऊ नका, बदल सुचवा. सर्वात आधी सांडपाणी. कॅनडातल्या ओंटारियोत डेव्हिड शिंडलर यांच्या गटानं १९७३ मध्ये एका सरोवराचे पडदा टाकून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्यात त्याबरोबर फॉस्फरसही. फॉस्फरस घातलेला भाग शैवालानं हिरवागार झाला. तुमच्या तळ्यात हा फॉस्फरस मैलापाण्यातून आणि धुण्याच्या पावडरींतून येतो. कारंजं पाण्याला थोडा प्राणवायू देईल, पण फॉस्फरसचा कणही बाहेर काढणार नाही. तळ्यात ओतायच्या जिवाणूंच्या पुड्याही नाल्याचं तोंड बंद करत नाहीत. त्यामुळे पैसा मर्यादित असेल तर तो आधी नाले वळवण्यावर जावा. दिवे ट्रॅकवर खाली तोंड करून, मंद आणि पिवळसर असावेत, पाण्यावर एकही नको. वाहनतळ काठापासून लांब हवा. चकचकीत गडद गाड्यांवरून परावर्तित होणारा प्रकाश पाण्यावरून येणाऱ्या प्रकाशासारखाच ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो आणि चतुर पाणी त्यावरूनच ओळखतात, त्यामुळे चतुर फसतात आणि बॉनेटवर अंडी घालतात.

आणि काठ. सगळीकडची भिंत रद्द करून घेणं बहुधा जमणार नाही. रस्त्यालगतच्या बाजूला सुरक्षेसाठी ती लागेलही. पण जिथे आत्ता गवत आणि पाणकणीस आहे, तो सलग पट्टा मागून घ्या. दर फूटभर खोलीला पाच ते दहा फूट लांबीचा उतार. त्यातला मोठा भाग पक्ष्यांसाठी माणसांपासून मोकळा, एका टोकाला मात्र पाण्यापर्यंत उतरता येईल अशी रुंद, उथळ पायरीची जागा. पाणी किती वर-खाली होतं ते एका वर्षाच्या नोंदीवरून ठरवा, एरवी पायरी एकतर बुडालेली राहते किंवा हवेत लटकते.

सभा पुढच्या महिन्यात असेल तर तुमच्याकडे चार रविवार आहेत. पहिल्या रविवारी पांढरा ट्रे, दुसऱ्यापासून तबकडी आणि फळा. अधेमधे एका संध्याकाळी नाले चालून या आणि कुठलं पाणी कुठून येतं ते कागदावर काढा. सभेला जाताना तुम्ही तिघं-चौघंच जाऊ नका. एखादा गळवाला, ट्रे न सोडणारं एखादं पोर आणि रात्री बेडूक ऐकणारा कुणीतरी, यांना बरोबर घ्या आणि पहिल्यांदा त्यांना बोलू द्या.